दोन वर्षांचे कॉलेज आणि सायबरसुरक्षेची नोकरी

अमेरिकेत सायबरसुरक्षेचे शिक्षण कम्युनिटी कॉलेजांपर्यंत पोहोचायला बराच वेळ लागला. कॉलेजे मात्र जुनी. त्यांतले पहिले इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ मध्ये अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर सुरू झाले. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा कॉलेजांचे जाळे देशभर विणावे अशी शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, प्रवेश जवळजवळ सर्वांना खुला आणि फी आवाक्यातली: २०२३-२४ मध्ये सरासरी सुमारे ३,९९० डॉलर, तर सरकारी विद्यापीठात राज्यातल्याच विद्यार्थ्याला ११,२६० डॉलर पडत. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकशी या कॉलेजांचे बरेच जुळते. फक्त तिथे अठरा वर्षांच्या मुलाच्या शेजारच्या बाकावर लष्करातून निवृत्त झालेला जवान किंवा दिवसभर नोकरी करून आलेली आईही असते.

नोव्हेंबर १९८८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने, इंटरनेटवरची हजारो यंत्रे ठप्प केली. त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात आणीबाणीला धावून जाणारे पथक उभे राहिले, पण वर्गखोल्यांत फारसे काही बदलले नाही. कम्युनिटी कॉलेजांची पायाभरणी वेगळ्याच वाटेने होत होती. १९९२ च्या कायद्यामुळे तंत्रशिक्षणासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनचा निधी थेट या कॉलेजांना मिळू लागला आणि १९९७ पासून सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीने राउटर-स्विच हाताळण्याचे शिक्षण ठिकठिकाणी नेले. सुरक्षेचे विषय पुढे याच नेटवर्किंगच्या विभागांत रुजले.

नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने १९९९ मध्ये या विषयाची पहिली गुणवत्ता केंद्रे निवडली, तेव्हा यादीत फक्त विद्यापीठे होती. दोन वर्षांच्या कॉलेजांचा गंभीरपणे विचार झाला तो २००२ मध्ये, नॅशनल सायन्स फाउंडेशन आणि कम्युनिटी कॉलेजांची संघटना यांनी घेतलेल्या कार्यशाळेत. मग शिकागोजवळच्या मोरेन व्हॅली कॉलेजात आणि मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस कॉलेजात प्रादेशिक केंद्रे उभी राहिली. इतर कॉलेजांच्या प्राध्यापकांना तयार करणे हे त्यांचे मोठे काम. नेटवर्किंग शिकवणाऱ्याला सुरक्षा येतेच असे नाही, ही खरी अडचण होती. मेरीलँडला तर गिऱ्हाईक दारातच होते: एजन्सीचे मुख्यालय त्याच राज्यात, फोर्ट मीडला. २०१० मध्ये एजन्सीने दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी स्वतंत्र मान्यता सुरू केली.

अभ्यासक्रमाला वळण लावले ते मात्र एका सरकारी नियमाने. संरक्षण खात्याने २००५ च्या अखेरीस सुरक्षेची कामे करणाऱ्यांना, कंत्राटदारांच्या माणसांसह, ठराविक प्रमाणपत्रे सक्तीची केली. कॉम्पटिया या संस्थेचे सिक्युरिटी प्लस हे त्यांतलेच एक. तेव्हापासून अनेक कॉलेजांत सत्राचा अभ्यास आणि त्या परीक्षेचा अभ्यास एकच झाला. यात घोकंपट्टी वाढली, ही तक्रार रास्तच. पण पदवी नसलेल्याला अर्जावर लिहायला काहीतरी मिळाले.

घोकंपट्टीवरचा उतारा म्हणजे लॅब. सुरुवातीला कॉलेजच्या नेटवर्कपासून तोडलेली जुनी यंत्रे एका खोलीत मांडत. पुढे सगळे व्हर्च्युअल झाले आणि विद्यार्थी घरच्या लॅपटॉपवरूनही सराव करू लागला. एक नेहमीचा पाठ पाहा. सरावासाठी मुद्दाम कच्चे ठेवलेले मेटास्प्लॉइटेबल हे यंत्र समोर असते. एनमॅप या साधनाने तपासले की २१ क्रमांकाच्या पोर्टवर व्हीएसएफटीपीडी २.३.४ हा एफटीपी सर्व्हर चालू असल्याचे दिसते. या आवृत्तीच्या डाउनलोडमध्ये २०११ मध्ये कोणीतरी चोरवाट पेरली होती. लॉगिन करताना नावाच्या शेवटी कोलन आणि कंस टाकायचा, म्हणजे हसरा चेहरा. पासवर्ड काहीही चालतो. लगेच ६२०० क्रमांकाचे पोर्ट उघडते आणि यंत्राचा पूर्ण ताबा हाती येतो. सॉफ्टवेअर कुठून उतरवले हे का तपासायचे, ते यानंतर वेगळे शिकवावे लागत नाही.

२००५ पासून भरणाऱ्या आंतरमहाविद्यालयीन सायबर बचाव स्पर्धेने संघात काम करण्याची सवय लावली. त्यात विद्यार्थ्यांनी हल्ला करायचाच नसतो. एका काल्पनिक कंपनीचे नेटवर्क ताब्यात घ्यायचे, अनुभवी हल्लेखोरांपुढे ते चालू ठेवायचे आणि मधूनच येणारे ‘साहेबां’चे हुकूमही वेळेत पाळायचे. नोकरीत पुढे हेच करावे लागते.

धोका कॉलेजांनाही चुकला नाही. लॉस एंजेलिस व्हॅली कॉलेजावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या कम्युनिटी कॉलेज जिल्ह्याच्या प्रशासनाने सुमारे २८,००० डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये भरली. मे २०२१ मध्ये अशाच हल्ल्यामुळे कलोनिअल ही इंधनाची पाइपलाइन बंद पडून पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि मनुष्यबळाचा प्रश्न राजकारणात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने कम्युनिटी कॉलेजांना हाताशी धरून २०२५ पर्यंत अडीच लाख लोक या क्षेत्रात आणण्याची मोहीम जाहीर केली.

तरीही या वाटेवरचे दोन अडसर कायम राहिले. नोकरीसाठीची ‘अप्लाइड’ पदविका घेतली तर पुढे विद्यापीठात तिचे सगळे क्रेडिट धरले जातीलच असे नाही. म्हणून विद्यापीठाशी लेखी करार असलेला अभ्यासक्रम निवडणे शहाणपणाचे ठरते. दुसरा अडसर नागरिकत्वाचा: सरकारी सायबरकोर शिष्यवृत्ती नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांपुरती आहे आणि गोपनीय कामाची परवानगी बहुधा नागरिकांनाच मिळते. व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांतल्यांना त्यामुळे खासगी कंपन्यांकडेच पाहावे लागते.

पहिली नोकरी बहुतेकांना हेल्प डेस्कवर किंवा रात्रपाळीत इशारे तपासण्याची मिळते. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या आयटी पदांसाठी पदवीपेक्षा कौशल्य पाहण्याचे धोरण जाहीर केले. पण माहिती सुरक्षा विश्लेषक या पदासाठी अमेरिकी कामगार खात्याच्या व्यवसाय-पुस्तिकेत नेहमीची शैक्षणिक पात्रता म्हणून नोंद आहे ती चार वर्षांच्या पदवीचीच.