महाकाय सागरी डीझेल एंजिनांची घडण

रुडॉल्फ डीझेल याचे पहिले यशस्वी एंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे चालले. त्यानंतर पंधरा वर्षांतच, म्हणजे १९१२ मध्ये, कोपनहेगनच्या बुर्माइस्टर आणि वाइन या कारखान्याने बांधलेले ‘सेलांडिया’ हे जहाज डीझेलच्या बळावर थेट बँकॉकपर्यंत गेले. २००६ मध्ये ‘एमा मर्स्क’ या मालवाहू जहाजावर बसविलेल्या चौदा सिलिंडरी एंजिनाशी तुलना केली असता या प्रगतीची कल्पना येते. त्याच्या प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९६० मि. मी., दट्ट्याची धाव २.५ मीटर, एकूण वजन सुमारे २,३०० टन आणि शक्ती सुमारे ८०,००० किलोवॉट असून ते मिनिटास केवळ १०२ फेरे करते.

हे आकडे विस्मयकारक असले, तरी अभ्यासकाच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळाच आहे. इतके प्रचंड यंत्र एकसंध घडविता येत नाही. ते तुकड्यातुकड्यांनी करावे लागते, आणि ते तुकडे मात्र एकसंध असल्याप्रमाणे वागले पाहिजेत. या यंत्राच्या निर्मितीचा इतिहास हा मुख्यतः सांध्यांचा इतिहास आहे, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा विचार आहे.

प्रथम या एंजिनाची रचना थोडक्यात पाहू. हे द्विधाव एंजिन असते. मोटारीच्या एंजिनात दट्ट्या संयोगदांड्याला प्रत्यक्ष जोडलेला असतो. येथे दट्ट्याचा दांडा सरळ खाली येऊन क्रॉसहेड नावाच्या सरकत्या ठोकळ्याला मिळतो व तेथून संयोगदांडा भुजादंडाकडे, म्हणजे क्रँकशाफ्टकडे, जातो. आडवा दाब क्रॉसहेडने पेलल्यामुळे दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीवर घासला जात नाही. शिवाय जड इंधनाची काजळी खालच्या वंगणात मिसळत नाही. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरातील दाब १४० वातावरणांच्या आसपास जातो असे धरले, तर ९६० मि. मी. व्यासाच्या दट्ट्यावर सुमारे एक हजार टनांचा भार येतो. हा भार सर्व सांध्यांतून वाहत जाऊन अखेर तळच्या बैठकीत उतरतो.

ही बैठक जाड पोलादी पत्रे वेल्डिंगने जोडून तयार करतात. मुख्य धारव्यांना, म्हणजे बेअरिंगांना, आधार देणारे भाग तेवढे ओतीव पोलादाचे असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादात अंतर्गत ताण शिल्लक राहतात. ते तसेच राहू दिल्यास यंत्रावर कातल्यानंतर, किंवा पुढे समुद्रावर, बैठक आपोआप वाकण्याचा धोका असतो. यास्तव संपूर्ण खंड भट्टीत तापवून सावकाश निववितात, आणि मगच धारव्यांच्या जागा कातण्यास घेतात. या कामी तापमानावर विशेष लक्ष ठेवावे लागते. २० मीटर लांबीच्या पोलादी बैठकीत केवळ ५ अंशांचा फरक पडला, तरी तिची लांबी सुमारे १.२ मि. मी. ने बदलते, आणि येथे इष्ट असलेली अचूकता तर मिलिमीटरच्या शतांशांत मोजावयाची असते. उन्हाची तिरीप एका बाजूवर पडत असताना घेतलेले माप विश्वसनीय मानता येत नाही, ते यामुळेच.

सर्वांत कठीण भाग म्हणजे भुजादंड होय. मोटारीच्या एंजिनाचा भुजादंड एकाच लोहखंडातून घडविता येतो. वर उल्लेखिलेल्या एंजिनाचा भुजादंड सुमारे ३०० टनांचा आहे. तो एकसंध घडविणे व्यवहार्य नाही. म्हणून दोन भुजा व त्यांमधील खीळ मिळून होणारा प्रत्येक वाक स्वतंत्रपणे घडवितात. असे वाक एकमेकांना जोडणारे, धारव्यात फिरणारे सरळ दंडगोल निराळे करतात. जपानमधील ताकासागो येथील कोबे स्टीलचा कारखाना अशा भुजादंडांसाठी प्रसिद्ध आहे.

हे भाग जोडण्यासाठी वेल्डिंग नाही, पाचर नाही, बोल्टही नाही. केवळ आकुंचनावर भिस्त असते. भुजेतील छिद्राचा व्यास दंडगोलापेक्षा किंचित लहान ठेवतात. उदाहरणार्थ, दंडगोल ९०० मि. मी. व्यासाचा असून फरक व्यासाच्या सहाशेव्या भागाइतका ठेवला, तर तो दीड मि. मी. होतो. आता भुजा मूळ तापमानाहून २७० अंशांनी तापविली, की छिद्र सुमारे २.९ मि. मी. ने रुंदावते आणि दंडगोल आत सोडण्यास जवळजवळ १.४ मि. मी. मोकळीक मिळते. भुजा निवताना तो असा आवळला जातो की, एंजिनाचे संपूर्ण पिळबल केवळ घर्षणाच्या आधारे पुढे नेता येते. पाचरीसाठी खाच पाडली असती, तर तिच्या कोपऱ्यात ताण एकवटून तेथूनच तडा जाण्यास आरंभ झाला असता. मात्र दंडगोल आत सोडताना वाकांमधील कोन अचूक साधला पाहिजे. एकदा पकड बसली, की दुरुस्ती अतिशय दुष्कर होते.

या सांध्याचे महत्त्व कारखान्यापुरते मर्यादित नाही. सांधा पुरा झाल्यावर भुजा व दंडगोल या दोहोंवरून जाणारी एक खूण कोरतात. सिलिंडरात पाणी साचलेले असताना एंजिन सुरू झाले, किंवा पंखा एखाद्या कठीण वस्तूवर आदळला, तर घर्षणाची पकड सुटून सांधा सरकू शकतो. तसे झाल्यास खुणेचे दोन भाग एकमेकांपासून ढळलेले दिसतात व त्या सिलिंडरांच्या ज्वलनाची वेळ चुकते. बहुतेक मालवाहू जहाजांना एकच मुख्य एंजिन असते. ते भर समुद्रात बंद पडले, तर जहाज लाटांच्या स्वाधीन होते. जहाजावरील अभियंते ही बारीक रेघ नियमाने तपासतात, ती याच कारणाने.

वरच्या भागात धातूंची निवड निर्णायक ठरते. सिलिंडरची आतील नळी बिडाची ओततात, कारण बिडातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे वंगण पृष्ठावर टिकते. परंतु बीड दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणून सिलिंडरांच्या ठोकळ्यापासून बैठकीपर्यंत लांब पोलादी ताणबोल्ट घालून, ते द्रवदाबाने ओढून मग त्यांच्या चाक्या आवळतात. परिणामी सर्व सांगाडा आरंभापासूनच दाबलेल्या स्थितीत राहतो आणि ज्वलनाचा धक्का बसला तरी सांधे उघडत नाहीत.

अशा रीतीने उभे केलेले एंजिन कारखान्यातच जलरोधकाला जोडून निरनिराळ्या भारांवर, पूर्ण भाराहून काहीशा अधिक भारावरही, वर्गीकरण संस्थेच्या निरीक्षकासमोर चालवितात. त्यानंतर ते उचलून नेण्याची सोय नसेल, तर पुन्हा सुटे करून जहाजात दुसऱ्यांदा उभे करावे लागते. जहाजाचे सांगाडेही पाण्यावर वाकतात. म्हणून भुजादंड फिरवीत दोन भुजांमधील अंतर वेगवेगळ्या कोनांत मोजून, त्यातील शतांश मिलिमीटरांच्या फरकावरून धारव्यांची सरळ रेषा पडताळतात.

येथे एक व्यापक मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. या एंजिनांचे आराखडे आजही मुख्यतः कोपनहेगन व विंटरथूर येथे होतात; बांधणी मात्र बहुतांशी दक्षिण कोरिया, चीन व जपान येथील परवानाधारक कारखाने करतात. जपानच्या मित्सुईने बुर्माइस्टर आणि वाइन यांचा परवाना १९२६ मध्येच घेतला होता. परवान्याबरोबर आराखडे मिळतात. मोठे खंड घडविणारे दाब-हातोडे, निवविण्याच्या भट्ट्या, आणि मोजमाप कोणत्या वेळी विश्वसनीय समजावे हे जाणणारे कारागीर परवान्याबरोबर येत नाहीत. २०२३ पासून मिथेनॉलवर चालणारी कंटेनरवाहू जहाजे समुद्रावर आली आहेत. नव्या इंधनाने इंधनपुरवठ्याची व ज्वलनाची व्यवस्था बदलते. भुजादंडाच्या सांध्याची समस्या मात्र तशीच राहते. यंत्रनिर्मितीत स्वावलंबी होऊ पाहणाऱ्या कोणत्याही देशास आराखड्यांइतकाच या घडाईच्या विद्येचा विचार करावा लागेल, आणि आमच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही तिला योग्य स्थान मिळावे असे वाटते.