आधी शिकणं, मग सेवा

परदेशात स्वयंसेवक म्हणून गेलेलं माणूस तिथं रुळतं कसं? अमेरिकेची ‘पीस कोअर’ ही सरकारी संस्था १९६१ पासून असे स्वयंसेवक पाठवते. मुदत साधारण २७ महिन्यांची, पण त्यातले पहिले ३ महिने शिकण्याचे. तेव्हा त्या देशातल्याच एखाद्या कुटुंबात राहायचं, त्यांच्यासारखं जेवायचं, त्यांची भाषा बोलायची. चुकलं की पोरंसोरं हसतात, पण ओळखही तिथूनच वाढते. खर्चाला पैसे मिळतात तेही तिथल्या राहणीपुरतेच. एकटेपणा सोसवेना म्हणून मुदतीआधी परतणारेही असतात. गावात पाणी कुठून भरतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा सल्ला कोण ऐकणार? आपल्याकडे बाहेरगावची नवी कार्यकर्ती आली, तर तिला आधी घरी जेवायला बोलवा. बचतगटाचं काम मग बोलता येईल.