चित्रातून शब्दाकडे

रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीला लागून बीरगांव ही कामगारवस्ती आहे. अशा वस्तीतील वर्गात एकाच्या घरी छत्तीसगढी, दुसऱ्याच्या घरी उडिया, तिसऱ्याच्या घरी भोजपुरी असावी हे स्वाभाविक होय. छत्तीसगढ शासनाने २०२० मध्ये स्वामी आत्मानंद यांच्या नावाने इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकविण्यात येऊ लागले. ‘बॉल’ म्हणजे काय, हे अशा मुलांना कोणत्या भाषेत सांगावे? चेंडूचे चित्र दाखवावे, हे उत्तर सर्वांस सुचते.

ही युक्ती जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात लॅटिन व जर्मन मजकूर शेजारी शेजारी होता. चित्रातील प्रत्येक वस्तूस आकडा, आणि तोच आकडा तिच्या नावापाशी. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ॲलन पायव्हिओ यांनी पुढे १९७१ मध्ये याची उपपत्ती मांडली: चित्रासह शिकलेला शब्द स्मृतीत दोन रूपांनी राहतो, म्हणून तो आठवण्याचे मार्गही दोन.

परंतु चित्र मुके असते. लाल चेंडूचे चित्र दाखवून शिक्षक ‘रेड’ म्हणाले, तर मुलाने काय समजावे? चेंडू, गोल, की लाल? म्हणून लाल चेंडूमागोमाग लाल फूल, लाल बांगडी दाखवावी. वस्तू बदलते, रंग तोच राहतो, आणि शब्दाचा अर्थ मुलाच्या आपोआप ध्यानी येतो. ‘बॉल’ शिकविताना याच्या उलट करावे: चेंडू निळा, पिवळा, हिरवा. बाजारातील चकचकीत तक्त्यांत ही योजना क्वचितच दिसते. तेथे सर्वच एकदम रंगीत असते. इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, एका वेळी दोन मोठी चित्रे समोर असता लहान मुले कमी शब्द शिकली.

चित्र ओळखीचेही हवे. कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, शिंपले हीच शैक्षणिक साधने केली. तेथे प्रश्न इंग्रजीचा नव्हता. तत्त्व मात्र तेच. ‘ए’ या अक्षरापाशी सफरचंदच का असावे? मुंगी प्रत्येक मुलाने पाहिलेली असते, आणि तिचे इंग्रजी नावही ‘ए’नेच सुरू होते.