बीं, वाफा आणि सावलीचें घर

भाजीचें बीं कोठून येतें, असा प्रश्न आम्हीं एकदां वर्गांत विचारला, तेव्हां बहुतेक मुलांनीं 'दुकानांतून' असें उत्तर दिलें. उत्तर चुकीचें नव्हतें. आमच्या स्वतःच्या घरींहि पांच वर्षें तें दुकानांतूनच येत होतें, आणि त्यापायीं घरचें एक जुनें बीं आम्ही गमावण्याच्या बेतास आलों होतों. तो प्रकार पुढें येईलच. आधीं बियाची ओळख करून घेऊं.

बीं म्हणजे निजलेलें रोप होय. कवचाच्या आंत इवलासा अंकुर असतो व त्याच्याजवळ पहिल्या कांहीं दिवसांची शिदोरी असते. पाणी, हवा आणि ऊब हीं तीन मिळालीं कीं तो जागा होतो. यांपैकीं पाणी आपण उत्साहानें इतकें ओततों कीं मातींत हवेला जागाच उरत नाहीं, बीं कुजतें, आणि मग दुकानदारास बोल लागतो. खोल पेरणें हीहि तशीच नेहमींची चूक. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर असली म्हणजे पुरे. भेंडीचें कवच टणक, म्हणून तें रात्रभर भिजवावें. आमच्या वऱ्हाडांत जिला सांबार म्हणतात त्या कोथिंबिरीचा एक दाणा म्हणजे दोन बिया जोडलेल्या असतात, यास्तव धने हलकेच रगडून दुभंग करून पेरावे. मुळा व गाजर यांस जागेवरून हलविलेलें खपत नाहीं. तीं जेथें वाढावयाचीं तेथेंच पेरावींत. वांगें, टमाटे, मिरची व कांदा यांचीं मात्र आधीं रोपें करावीं लागतात.

बियास वयहि असतें. कांद्याचें बीं वर्षभरांतच दुबळें होतें. टमाट्याचें व वांग्याचें नीट ठेवल्यास तीन-चार वर्षें टिकतें. शंका असेल तर दहा बिया ओल्या फडक्यांत गुंडाळून उबदार जागीं ठेवाव्या आणि आठवड्यानें उलगडून पाहाव्या. किती जागल्या यावरून किती पेरावें तें ठरतें.

वाशीम जिल्ह्याची जमीन बहुतांशीं काळी. सोयाबीनला व तुरीला ती मानवते, परंतु कोवळ्या रोपाला जड जाते. भिजली कीं चिकटते, वाळली कीं भेगाळते. म्हणून रोपांसाठीं गादीवाफा करावा. त्याची रुंदी १ मीटर व उंची सुमारें १५ सेंटिमीटर असावी. लांबी जागा असेल तशी. रुंदी एवढीच कां, तर वाफ्यांत पाय न ठेवतां दोन्ही बाजूंनीं हात मध्यापर्यंत पोंचला पाहिजे. मातींत चांगलें कुजलेलें शेणखत व थोडी रेती मिसळावी, १० सेंटिमीटर अंतरानें बोटानें रेघा ओढाव्या आणि बीं विरळ टाकावें. विरळ हा शब्द लिहावयास सोपा; चिमटींत बीं आलें कीं हात सैल सुटतो. टमाट्याच्या एका ग्रॅमांत सुमारें ३०० बिया असतात, एवढें लक्षांत ठेवलें तरी हात आवरतो. दाट रोपांत वारा खेळत नाहीं, आणि एखाद्या सकाळीं पाहावें तों निम्मीं रोपें मातीलगत पिचून आडवीं झालेलीं. यास रोपें कोलमडणें म्हणतात. ओलसर मातींतील पिथियम नांवाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव याच्या मुळाशीं बहुधा असतो. पाणी सकाळीं द्यावें, म्हणजे रात्रीं वाफा चिंब राहत नाहीं.

आतां हरितगृहाविषयीं. हा शब्द ऐकतांच काचेचें घर डोळ्यांपुढें येतें. ही कल्पना फार जुनी आहे. रोमचा सम्राट टायबेरियस यास काकड्या फार प्रिय. त्याच्या माळ्यांनीं चाकांवरचे वाफे करून ते उन्हांत फिरविले व थंडीच्या दिवसांत पारदर्शक दगडाच्या तावदानांखालीं झांकले, असें प्लिनीनें लिहून ठेविलें आहे. ऊन तावदानांतून आंत जातें, पण तापलेली हवा बाहेर निसटत नाहीं, हें त्यांतील मर्म. लेहसारख्या ठिकाणीं आजहि हिवाळ्यांत पालेभाजी अशाच आडोशांत पिकवितात. आम्हीं हें वाचलें आणि विचार न करतां तोच प्रयोग वाशिमांत केला. एका मार्च महिन्यांत चार बांबू रोवून पारदर्शक प्लास्टिक ताणलें, बाजूहि बंद केल्या आणि हौसेनें आंत उष्णतामापक टांगला. दुपारीं पारा ५० अंशांजवळ गेलेला, आणि मिरचीचीं रोपें शिजविल्यासारखीं माना टाकून पडलेलीं. आईनें येऊन पाहिलें व एवढेंच विचारलें, "कां रे, यांना थंडी वाजत होती काय?"

तिच्या प्रश्नांत सगळें आलें. थंड देशांतील माळी थंडीशीं झगडतो. आपलें भांडण उन्हाशीं आहे. वैशाखांत आपल्याकडे पारा ४२ अंशांपलीकडे जातो, आणि टमाट्याच्या फुलांतील पराग तर ३५ अंशांच्या पुढेंच निकामी होऊं लागतात. तेव्हां येथील हरितगृह ऊब धरून ठेवणारें नको, सावली देणारें हवें. आम्हीं प्लास्टिक उतरवून त्याच बांबूंवर निम्मी सावली देणारी हिरवी जाळी बांधली; बाजूंनीं बारीक छिद्रांची दुसरी जाळी लावली. तींतून वारा येतो, पण टमाट्याचीं पानें आकसविणाऱ्या रोगाचा प्रसार करणारी पांढरी माशी सहसा येत नाहीं. सावलींत वाढलेलीं रोपें लाडावलेलीं असतात, ही एक अडचण. त्यास्तव लावणीपूर्वीं आठवडाभर पाणी कमी करीत जावें व जाळी थोडी थोडी उघडावी. चार-पांच आठवड्यांचें रोप संध्याकाळीं लावावें.

आमचें उतरविलेलें प्लास्टिकहि वायां गेलें नाहीं. मे महिन्यांत रिकामा वाफा पाण्यानें भिजवून पारदर्शक प्लास्टिकनें घट्ट झांकला आणि कडा मातीनें दाबल्या, तर चार ते सहा आठवड्यांत आंतली माती इतकी तापते कीं रोग पसरविणारे पुष्कळसे जीव व तणांचें बीं मरून जातें. इस्रायलांतील काटान प्रभृति संशोधकांनीं १९७६ सालीं ही रीत प्रसिद्ध केली. आमच्या रोपांस ज्या उष्णतेनें मारलें, तीच उष्णता जूनच्या पेरणीसाठीं वाफा स्वच्छ करून देते! ज्यांस अधिक विचारावयाचें असेल त्यांनीं रिसोड तालुक्यांतील करडा येथील कृषि विज्ञान केंद्रांत जावें. पालकांनीं मुलांस बरोबर न्यावें.

आतां राहिलेली गोष्ट. आईच्या माहेराहून आलेलें एक वांगें आमच्या घरीं होतें. हिरवट, पांढऱ्या रेघांचें, देठाला काटे, आणि भरितास त्याच्यासारखें दुसरें नाहीं असें आमचें मत. (मत घरचें आहे, तेव्हां वाचकांनीं तें सवलतीनें घ्यावें.) पुढें आम्ही दुकानांतील संकरित बीं आणूं लागलों. तें वाईट होतें असें नाहीं. फळें भरपूर व एकसारखीं येत. परंतु अशा बियाची पहिली पिढीच एकसारखी असते. तिच्या फळांतील बीं पेरलें तर पुढचीं झाडें नाना तऱ्हांचीं निघतात. असें कां होतें याचा नियम ब्रनो येथील मठांतील ग्रेगोर मेंडेल यानें वाटाण्यांवरून शोधून १८६६ सालीं छापला. सरळ वाणाचें तसें नसतें. परभणीच्या कृषि विद्यापीठाची 'परभणी क्रांति' भेंडी घ्या. तिचें बीं घरीं राखतां येतें. २००१ च्या कायद्यानेंहि शेतकऱ्यास आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा व इतरांस देण्याचा हक्क दिला आहे.

पण हक्क असून बीं नसेल तर काय? अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत (आपलें अकोला नव्हे) कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं कधीं शाळा पाहिली नाहीं, तरी गांवोगांवचीं जुनीं बियाणीं जमवून जपलीं. त्यांस २०२० सालचा पद्मश्री किताब मिळाला. त्यांची हकीकत वाचली त्या दिवशीं आम्हीं फळीवरचें गाडगें खालीं काढलें. राखेंत घोळलेलें वांग्याचें बीं मूठभर उरलें होतें, पण तें पांच वर्षांचें. मोजून १०० बिया पेरल्या, १९ उगवल्या. त्यांतील चार रोपें गोगलगायींनीं खाल्लीं. उरलेलीं पंधरा झाडें संकरित वांग्यांपासून दूर, विहिरीच्या पलीकडे लावलीं. कारण मधमाशा एकाचे पराग दुसऱ्यावर नेतात. जीं तीन झाडें सर्वांत निरोगी दिसलीं त्यांचीं फळें तोडलीं नाहींत. चुकून कोणी भरितास नेऊं नयेत म्हणून देठांस लाल दोरा बांधला. फळें झाडावरच पिवळीं होऊन मऊ पडलीं, तेव्हां गर पाण्यांत कुस्करून तळाशीं बसलेलें बीं धुतलें व सावलींत वाळविलें.

त्याच्या दोन पुड्या केल्या. एक आमच्या गाडग्यांत गेली आणि दुसरी कारंज्यास आत्याकडे धाडली; सारें बीं पुनः एकाच फळीवर ठेवण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं. मागल्या आठवड्यांत आत्याचा निरोप आला कीं तिच्या वाफ्यांत वांग्याचीं रोपें चार पानांवर आलीं आहेत.