धरणाचा तोल आणि पुठ्ठ्याचा तुकडा

१२ जुलै १९६१ हा दिवस पुणेकर विसरलेले नाहीत. त्या सकाळी आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याचे बांधकाम अजून पुरे व्हायचे होते. ते सारे पाणी खडकवासल्याच्या जलाशयात लोटले. तेथील जुन्या दगडी धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले आणि काही तासांनी तेही फुटले. मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

दगडी धरण स्वतःच्या वजनावर उभे असते. मग माथ्यावर थोडे पाणी चढल्याने असा काय फरक पडतो? उत्तर आपल्या भूमितीतच आहे.

हिशेबासाठी एक साधे, मनातले धरण घेऊ. उंची ३० मीटर, माथ्याची रुंदी ३ मीटर, पायाची २१ मीटर. पाण्याकडची बाजू सरळ उभी, दुसरी उतरती. या छेदाचा गुरुत्वमध्य आपल्याला काढायचा आहे. म्हणून त्याचे दोन ओळखीचे तुकडे करू.

आयत : ३ × ३० = ९० चौरस मीटर. त्याचा मध्य उभ्या बाजूपासून १.५ मीटरवर.

काटकोन त्रिकोण : पाया १८, उंची ३०, क्षेत्रफळ २७० चौरस मीटर. त्याचा मध्यगासंपात स्वतःच्या उभ्या बाजूपासून पायाच्या एक तृतीयांशावर, म्हणजे ६ मीटरवर असतो. धरणाच्या उभ्या बाजूपासून ३ + ६ = ९ मीटर.

आता प्रत्येक क्षेत्रफळास त्याच्या अंतराने गुणा, बेरीज करा आणि एकूण क्षेत्रफळाने भागा :

(९० × १.५ + २७० × ९) ÷ ३६० = ७.१२५ मीटर.

नुसती १.५ आणि ९ यांची सरासरी (५.२५) का चालत नाही? कारण त्रिकोण आयताच्या तिप्पट मोठा. तो मध्यबिंदू आपल्याकडे ओढतो.

हे पडताळून पाहा. २ मीटरला १ सेंटिमीटर धरून हाच आकार पुठ्ठ्यावर कापा. एका कोपऱ्याशी टाचणीवर तो सैल टांगा, ओळंबा सोडून रेघ मारा. दुसऱ्या कोपऱ्याशी तसेच करा. रेघा जेथे छेदतील ते ठिकाण उभ्या कडेपासून साडेतीन सेंटिमीटरच्या किंचित पुढे येईल.

दगडी बांधकाम दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून एकूण बलाची रेषा पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात, येथे ७ ते १४ मीटरांच्या आत, पडावी असा इंजिनिअरांचा नियम आहे. रिकाम्या धरणाची रेषा ७.१२५ वर, म्हणजे जेमतेम आत आहे.

आता धरण काठोकाठ भरू. एक मीटर लांबीचा तुकडा घ्या. दगडी बांधकाम घनमीटरला २.५ टन धरले, तर त्याचे वजन ९०० टन. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. त्याची आकृती त्रिकोणच होते. म्हणून ४५० टनांचा रेटा तळापासून १० मीटरवर लागतो. त्यामुळे रेषा ४५० × १० ÷ ९०० = ५ मीटर पुढे सरकते आणि १२.१२५ वर येते. धरण सुरक्षित!

समजा, पाणी माथ्याच्या वर ४ मीटर चढले. दाबाच्या त्रिकोणाला आता ४ × ३० चा आयत जोडला जातो : १२० टन, १५ मीटर उंचीवर. पुन्हा जोडआकृतीच! रेषा (४५०० + १८००) ÷ ९०० = ७ मीटर सरकते आणि १४.१२५ वर जाते. हद्द ओलांडली. पाण्याकडची कड ताणली जाते, सांधे उघडू लागतात. पायाखाली झिरपलेले पाणी धरणाला वर उचलते, ते आपण धरलेलेच नाही. ते धरले तर ही हद्द आणखी लवकर येते.

आता तुमच्यासाठी एक काम : माथा ३ ऐवजी ५ मीटर रुंद केला, त्रिकोण तोच ठेवला, तर त्याच पुरात रेषा कोठे पडेल? वही घ्या आणि काढून पाहा.