वजाबाकीतले पस्तीस

42 मधून 17 वजा करा, असं दुसरी-तिसरीच्या वर्गाला सांगितलं की दोन-चार पाट्यांवर 35 हमखास दिसतं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन काढतं, चारातून एक काढतं आणि मोकळं होतं. हे पस्तीस पाहिलं नाही असे गुरुजी किंवा बाई सापडणं कठीण. 1978 साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी अशा चुकांचा रीतसर अभ्यास मांडला. मूल धांदरटपणा करत नसतं, ते एक नियम इमानेइतबारे पाळत असतं. नियमच तेवढा चुकीचा असतो, असं त्यांना दिसलं. तो नियम ओळखता आला, तर पुढच्या गणिताला मूल काय उत्तर लिहील हे बरेचदा आधीच सांगता येतं. म्हणजे फुली मारून आणखी दहा उदाहरणं घातली, तर दहाही उदाहरणांत चुकीचाच नियम घोटला जाणार.

चूक शिक्षकाला माहीत, चुकीमागचं कारण संशोधकाला माहीत. या दोघांची गाठ घालून देण्याचे आपल्याकडे गेल्या तीसेक वर्षांत काय काय प्रयत्न झाले, त्याचा हा मागोवा.

शिक्षकांसाठी नियतकालिक ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात ‘शालापत्रक’ निघत होतं, विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याचे काही काळ संपादक होते. पुढे ताराबाई मोडकांची ‘शिक्षणपत्रिका’ आली. पण वाचायला देणं वेगळं आणि सगळ्या शिक्षकांना एकदम बदलायला सांगणं वेगळं. हे दुसरं खऱ्या अर्थाने सुरू झालं ते नव्वदच्या दशकात. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, उभ्या राहिल्या होत्या. 1991 मध्ये दवे समितीने किमान अध्ययन क्षमता ठरवून दिल्या, त्यांना क्रमांक पडले आणि टाचणवहीत ते क्रमांक दिसू लागले. मराठवाड्यात लातूर, नांदेड, परभणीसारख्या जिल्ह्यांत जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, म्हणजे डीपीईपी, आला. प्रशिक्षणं सुरू झाली: राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला. प्रत्येक पायरीवर ताकात पाणी पडत गेलं. पुण्याला दोन दिवस चाललेली चर्चा केंद्रशाळेत पोचेपर्यंत ‘असं करा, तसं करू नका’ एवढीच उरायची. का करायचं, हे वरच्याच एखाद्या पायरीवर राहून जायचं.

उलट दिशेने एक वाट होती, कृतिसंशोधनाची. शिक्षकाने आपल्याच वर्गातली अडचण घ्यायची, उपाय करून पाहायचा, अहवाल लिहायचा. कल्पना उत्तम. पण बरेचसे अहवाल ठरलेल्या साच्यात लिहिले गेले, बाइंड झाले आणि कपाटात गेले. शेजारच्या केंद्रातल्या शिक्षकाने ते वाचल्याचं मी तरी फारसं ऐकलेलं नाही.

संशोधन खरं पोचलं ते वस्तूंमधून. शंभर मण्यांची माळ घ्या: दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या. तिच्यामागे नेदरलँड्समधल्या फ्रॉयडेंथाल संस्थेतलं, विशेषतः आद्री ट्रेफर्स यांचं काम आहे. दिल्लीच्या ‘जोडो ग्यान’ने ती ‘गणितमाला’ म्हणून आपल्या मुलांसाठी बसवली. इकडे विवेक मॉन्टेरो आणि गीता महाशब्दे यांच्या ‘नवनिर्मिती’ने हाताळून शिकायचं साहित्य शाळांमध्ये नेलं. पुढे सरकारी गणित पेट्या आल्या, त्यांतही मणीमाळ आली.

या माळेवर 42 व्या मण्यापाशी चिमटा लावा. दहा मागे या, 32. दोन मागे या, 30. राहिले पाच, 25. पस्तीसचा प्रश्नच येत नाही, कारण इथे सातातून दोन काढायला जागाच नाही. माळेतली खुबी रंगांच्या गटांत आहे. एकेक मणी मोजत बसू नये, दहांच्या टप्प्यांनी उडी मारावी, यासाठी ती बनवलेली. पण पेटीतून माळ आली तशी ही खुबी आली नाही. मग कित्येक वर्गांत मुलं त्याच माळेवर एक, दोन, तीन करत बेचाळीसपर्यंत जातात. एकेक मोजायची जी सवय मण्यांनी सोडवायची, तीच मण्यांनी पक्की होते. काही ठिकाणी तर साहित्य हरवलं की हिशेब द्यावा लागेल म्हणून पेटीला कुलूप असतं. त्यात चूक शिक्षकाची, असं मला वाटत नाही.

2015 साल या कहाणीत महत्त्वाचं. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत केलेलं काम पाहायला राज्यभरातून गाड्या भरभरून शिक्षक आले. 22 जून 2015 चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि ‘ज्ञानरचनावाद’, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार, शिक्षकांच्या बोलण्यात रुळला. एका शिक्षकाने दुसऱ्याचा वर्ग डोळ्यांनी पाहणं हे कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त शिकवून जातं. ती लाट खरीच होती. पण पाहून परतताना सगळ्यात सोपं जे नेता येतं ते म्हणजे रंग. गावोगाव फरशीवर ऑइलपेंटने चौकटी, वर्तुळं, संख्यांच्या जाळ्या उमटल्या, लोकवर्गणी झाली, फोटो निघाले. कुमठ्यात त्या फरशीवर बसून शिक्षक मुलाला काय विचारतात, हे फोटोत येत नव्हतं.

आणि मग 2019. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ अशीही वाचनाची पद्धत आली आणि गहजब झाला. विधानसभेत कोट्या झाल्या, वाहिन्यांवर मराठी बुडाल्याच्या चर्चा झाल्या. जुनी नावं काढलेली नव्हती, हे ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या.

या पद्धतीमागे आधार होता. बेचाळीस ऐकलेलं मूल आधी दोन ऐकतं आणि 24 लिहितं. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरच्या 2009 च्या अभ्यासात संख्यालेखनाच्या जवळपास निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित निघाल्या. नॉर्वेने तर 1951 मध्ये दशक आधी बोलण्याची पद्धत अधिकृत केली. टेलिफोनचे आकडे सांगताना होणारे घोटाळे हे त्याचं एक कारण. पद्धत बदलावी की नाही यावर मतभेद असू शकतात. ‘एकोणतीस’ हे नाव मलाही सोडवत नाही. पण वर्गात शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांना या बदलाची चर्चा पहिल्यांदा ऐकू आली ती टीव्हीवरून, टिंगलीच्या सुरात. कारणं आधी त्यांच्या हातात असती, तर पालकांना उत्तर द्यायला गावोगाव माणसं उभी राहिली असती.

याच काळात मोबाइल आला, त्यावर थोडक्यातच लिहितो. दीक्षा ॲप, पुस्तकातले क्यूआर कोड, निष्ठाची ऑनलाइन प्रशिक्षणं, व्हॉट्सॲपवर दिवसाला पन्नास पीडीएफ. चित्रफीत एका कोपऱ्यात चालू ठेवून दुसरीकडे माहिती भरणारे शिक्षक सगळ्यांना ठाऊक आहेत. प्रमाणपत्र मिळतं.

मग मूळ संशोधनच वाचायला मिळण्याचं काय? 2025 च्या जानेवारीत केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. सुमारे 13 हजार संशोधनपत्रिका, लाभ सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना. प्राथमिक शाळा त्यात नाहीत. पण अडचण निव्वळ पैशांची नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, तो कुणालाही फुकट वाचता येतो. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांवरचा. वीस रुपये किलोचे आठशे ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे एक किलो चारशे ग्रॅम कांदे, किती झाले? सदतीस, मूल तोंडी सांगतं, दोनशेच्या नोटेचे सुटेही बरोबर परत करतं. तसाच हिशेब शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडला की बहुतेकांचं अडतं. उलट, फक्त शाळेत शिकणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडखळतात.

आठवडी बाजाराच्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा असणाऱ्या शाळेत हा निबंध चार पानी मराठीत गेला आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यावर तासभर बोलणं झालं, तर शिक्षकांकडे सांगण्यासारखं पुष्कळ निघेल. ती चार पानं लिहिणं, माझ्या मते, डाएटचं काम आहे. तिथल्या अधिव्याख्यात्यांना याद्या आणि तक्त्यांतून तेवढी सवड काढून द्यावी लागेल.