रावेरीची सीता आणि एल्यूसिसची डिमीटर

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे एक गाव आहे. तेथे सीतेचे देऊळ आहे, आणि त्या देवळात सीता एकटीच आहे. शेजारी राम नाही. गावची आख्यायिका अशी की, रामाने टाकल्यावर सीता ह्याच रानात राहिली व येथेच लवकुशांचा जन्म झाला. बाळंतिणीने गावात पसाभर गहू मागितले. ते कोणी दिले नाहीत. तेव्हा ह्या गावच्या मातीत गहू पिकणार नाही, असा शाप तिने दिला. अनेक पिढ्या गावाने हा शाप खरा मानला. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी (1935–2015) यांनी ह्या देवळाच्या जीर्णोद्धारात पुढाकार घेतला, तो ह्या टाकलेल्या स्त्रीच्या कथेमुळेच.

ग्रीक पुराणकथांचा अभ्यास करू लागणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम बहुधा नावांची एक यादी पडते. झ्यूस आकाशाचा, पोसायडन समुद्राचा, हेडीज पाताळाचा, अथीना विद्येची, डिमीटर धान्याची, अशी ती यादी. ती पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. यवतमाळच्या विद्यार्थ्याने यादी बाजूस ठेवून रावेरीहून निघावे. डिमीटरपर्यंतची वाट त्यास फार लांब वाटणार नाही.

डिमीटरची कथा सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या, होमरच्या नावावर चालणाऱ्या एका स्तोत्रात सविस्तर आली आहे. तिची मुलगी पर्सेफोनी कुरणात फुले वेचीत असता भूमी दुभंगली आणि पाताळाचा राजा हेडीज तिला रथात घालून घेऊन गेला. ह्या हरणास मुलीच्या बापाची, म्हणजे प्रत्यक्ष झ्यूसची, संमती होती! आई हाती पेटती चूड घेऊन नऊ दिवस अन्नपाण्यावाचून हिंडली. अखेर सूर्याने तिला खरे काय ते सांगितले. तेव्हा देवांची संगत सोडून, म्हातारीचे रूप घेऊन ती एल्यूसिस नगरात येऊन एका विहिरीपाशी बसली. तेथील राजाच्या घरी ती दाईपणास राहिली. राजाचे तान्हे मूल अमर व्हावे म्हणून ती रात्री त्यास गुपचूप विस्तवात ठेवी. एके रात्री मुलाच्या आईने ते पाहून किंकाळी फोडली, आणि देवीने रागावून आपले खरे रूप प्रकट केले. मग लोकांनी बांधून दिलेल्या देवळात ती दार लावून बसली. त्या वर्षी पेरलेले एकही बी उगवले नाही. बैलांनी नांगर ओढले ते व्यर्थ गेले. माणसे उपाशी मरू लागली, आणि देवांचा हविर्भाग बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा कोठे झ्यूसला जाग आली. पर्सेफोनीस परत आणण्यात आले. परंतु पाताळात तिने डाळिंबाचा एक दाणा खाल्ला होता. म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिने पाताळात काढावा व उरलेले दिवस आईजवळ राहावे, असे ठरले.

दोन्ही कथांत अन्यायाला उत्तर देण्याचे साधन एकच आहे, आणि ते म्हणजे धान्य. परंतु साम्यावर फार वेळ रेंगाळू नये. खरे शिकण्यासारखे आहे ते भेदात. डिमीटरपुढे देवांच्या राजाला नमावे लागले. रावेरीस राम आला नाही, की कोणी तडजोड केली नाही. सीतेचा शापही तिला टाकणाऱ्यास लागला नाही. लागला तो पसाभर गहू नाकारणाऱ्या गावाला. अर्थात एल्यूसिसकडेही अपराध देवांचा आणि उपास माणसांना, असाच हिशेब होता. शेतकऱ्याच्या घरातील मुलाच्या हे ध्यानात चटकन येईल.

पर्सेफोनीचे पाताळातील महिने म्हणजे हिवाळा, असे इंग्रजी बालपुस्तकांत सर्रास लिहिलेले असते. इंग्लंडातील मुलास ते पटते. विदर्भातील मुलाने मात्र शंका घ्यावी. ग्रीसमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. तेथे गहू व जव शरदाच्या अखेरीस पेरतात, ते हिवाळाभर शेतात हिरवे असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कापले जातात. म्हणजे आपल्या रब्बीसारखेच. भूमी उघडी, भेगाळलेली आणि निर्जीव दिसते ती उन्हाळ्यात. म्हणून काही विद्वानांच्या मते पर्सेफोनी पाताळात जाते ती उन्हाळ्यात, जेव्हा बियाणे जमिनीखालच्या पेवांत साठवलेले असते. मूळ स्तोत्रात ती वसंताच्या फुलांबरोबर परतते, ही गोष्ट ह्या मताच्या आड येते, आणि वाद मिटलेला नाही. परंतु वैशाखातील यवतमाळचे काळे रान ज्याने पाहिले आहे, त्याला हा वाद लंडनच्या मुलापेक्षा लवकर समजेल.

नावांकडेही पाहावे. ‘सीता’ म्हणजे नांगराच्या फाळाने पडलेले तास. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात तिची देवता म्हणून प्रार्थना आहे. ‘डिमीटर’मधील ‘मीटर’ म्हणजे आपली ‘माता’च. झ्यूस हा वैदिक ‘द्यौस्’ होय, आणि रोमन लोकांचा ज्युपिटर म्हणजे ‘द्यौष्पिता’. ग्रीकांची ईऑस ही आपली उषा. हे संबंध भाषाशास्त्राने पक्के केले आहेत. पण येथे मोह आवरावा लागतो. वरुण आणि यूरेनस एकच, असे एके काळी मोठमोठे पंडित लिहीत; पुढे ध्वनिनियमांच्या कसोटीवर ते समीकरण टिकले नाही. नाव सारखे ऐकू आले की देव एक, असे मानणाऱ्याचे समाधान लवकर होते, आणि ज्ञान तेथेच थांबते.

मुलांना देवांच्या असल्या कथा सांगाव्यात काय, असा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो. झ्यूसने अँफिट्रायन युद्धावर गेला असता त्याचे रूप घेऊन त्याच्या पत्नीस फसविले, आणि त्यातून हेराक्लीज जन्मला. पण यवतमाळहून वर्ध्याच्या वाटेवर कळंबचा चिंतामणी आहे. तेथील स्थळकथेप्रमाणे गौतमाचे रूप घेऊन अहल्येस फसविणाऱ्या इंद्राने शापमुक्तीसाठी ह्या गणेशाची आराधना केली. ही कथा ऐकत मुले जमिनीच्या पातळीखालील त्या देवळाच्या पायऱ्या उतरतात, आणि कोणाचे काही बिघडत नाही. भेद इतकाच की, इंद्राला शाप देणारा ऋषी आपल्याकडे होता. झ्यूसला जाब विचारणारा त्या कथेत कोणी नाही. तो विचारला ग्रीक विचारवंतांनी. चोरी, व्यभिचार आणि फसवणूक देवांच्या माथी मारल्याबद्दल झेनोफेनीसने इ. स. पूर्व सहाव्या शतकातच होमर व हेसिअड यांना दोष दिला, आणि पुढे प्लेटोने आपल्या आदर्श राज्याच्या शिक्षणातून असल्या कथा वगळल्या. प्लेटोची ही शिक्षा जरा कडकच म्हटली पाहिजे. कथा आणि तिच्यावरचा आक्षेप ही दोन्ही मुलाच्या हाती एकदम द्यावीत, हे बरे.

ग्रीक देव महाराष्ट्रात कधी आले होते काय? एक तर निश्चित आला होता. कोल्हापुरास पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945 च्या सुमारास पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती सापडली. ती रोमन घडणीची असून तेथील टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. कार्ले येथील खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. मात्र व्यापाऱ्याबरोबर मूर्ती आली म्हणून कथाही तशीच आली, असा निष्कर्ष काढता येत नाही. रावेरीची सीता एल्यूसिसहून आलेली नाही.

एल्यूसिसची गुप्त व्रते हजार वर्षांहून अधिक काळ चालली. इ. स. 392 मध्ये थिओडोसियस बादशहाने जुनी उपासना बंद केली आणि देश ख्रिस्ती झाला. तरीही 1801 मध्ये एडवर्ड क्लार्क हा इंग्रज प्रवासी तेथे गेला, तेव्हा शेणखताच्या ढिगात अर्धी गाडलेली एक भग्न संगमरवरी मूर्ती त्यास आढळली. हीच आपल्या शेतांना पीक देते, अशी गावकऱ्यांची श्रद्धा होती आणि सणाला ते तिच्यापुढे दिवा लावीत. त्यांचा विरोध न जुमानता क्लार्कने ती नेली. आता आपले पीक जाणार, ह्या भीतीने गाव हवालदिल झाले. मूर्ती नेणारे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटले, पण मूर्ती वाचली. ती आता केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. विद्वान सांगतात की ती डिमीटर नव्हेच. डोक्यावर पूजेची पवित्र करंडी घेतलेली ती तिची एक सेविका आहे.